बियाचा दोडका

हत्तीचा पाऊस परवा सोंड हलवून गेला.
आता सकाळी गवतावर दव,
आणि दुपारी ऊन असं
की पत्र्यावर टाकलेले पापड तासात वाकडे व्हावेत.
जरंड्याचा डोंगर अजून हिरवा, पण कडेनं
धुवून धुवून विटलेल्या चादरीसारखा.

तू पुण्याला गेलीस त्याला एकवीस दिवस झाले.
लेकीचं बाळ तुझ्या मांडीवर,
तुझं परसू माझ्या.
एकतीस वर्षं कोरेगाव डेपोत मी
गिअरबॉक्स खोलले, पुन्हा जुळवले.
मातीला नट कुठं असतो ते अजून सापडत नाही.

फोनवर तू सांगतेस,
मी कॅलेंडरच्या मागं लिहून घेतो:
मेथी ओळीत नको, फेकून पेरा.
लसणाचं टोक वर.
वालावर मावा दिसला तर चुलीतली राख,
तीही पहाटे, दव असताना.
आणि जुने वेल काढा आता, मांडव मोकळा करा, पण
एवढ्यात मागं बाळ रडलं.
फोन बंद.

मी काढले.
पडवळ, कारलं, शेवटी दोडका.
बुडखा विळ्यानं कापला आणि ओढलं
तर अख्खा मांडव कुरकुरला
सामान चढवताना बसचा टप कुरकुरतो तसा.
गाठी मीच मारलेल्या, मिरगात,
टायरच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी.
त्या सुटल्या नाहीत. वेल तुटला.

चिंधी दिसली ती ढिगात.
तुझ्या मोरपंखी पातळाची,
एका दोडक्याच्या देठाला, दुहेरी गाठ.
शिरा टणक झालेल्या, पण रंग अजून हिरवा.
हलवून पाहिला.
आत काही वाजलं नाही.

कुंपणापलीकडून शेवंताक्का म्हणाली,
"बियाचा व्हता की वो त्यो.
तिच्या आईचं बी. वडूजचं."
आणि शेळीला पाला घेऊन गेली,
त्याच वेलाचा.

इतकी वर्षं मी हा दोडका जेवतोय,
त्याच्या शिरांची चटणी डब्यात नेतोय,
आणि त्याला माहेर आहे
हे मला ठाऊक नव्हतं.

हातभर वेल देठाशी ठेवून
खुंटीला टांगलाय, गॅसपासून लांब.
"वाळंल, न्हाईतर सडंल," शेवंताक्काचं मत.
रात्री दिवा घालवण्याआधी कानाशी नेऊन हलवतो,
इंजिन ऐकायचो तसा,
डोळे मिटून.

चौथ्या दिवशी तुझा फोन.
"मांडव काढला का हो?"
काढला, म्हटलं.
तू थांबलीस.
कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, बाळाचा किंवा तुझा.

मेथी उगवली, मी म्हणालो.
उगवलीय खरंच.
ओळीतही नाही, फेकल्यासारखीही नाही.
पायरीपाशी पुडी फाटून सांडली होती,
तिथंच सगळ्यात दाट.