मीटरच्या पुढं

रंगारगल्लीत मी एकतीस वर्षं हिंडलो,
हातात बॅटरी, काखेत वही.
प्रत्येक घर मला जिन्याखालपर्यंत ठाऊक.
कुठं कोळिष्टकं, कुठं चपलांचा ढीग,
कुठल्या मीटरमागं पाल बसते, तेसुद्धा.
त्याच्या पुढं कुणी या म्हटलं नाही,
मीही गेलो नाही.

आज भाची म्हणाली, मामा, चला,
चित्रं बघत फिरायचंय. चालत. फुकट आहे.
घडी घातलेला कागद हातात दिला,
गल्ल्यांचा नकाशा, अकरा लाल ठिपके.
मी म्हटलं, मला काय नकाशा दाखवती?
हा ठिपका म्हणजे कुलथ्यांचं घर,
सिंगल फेज,
चकती कायम हळू फिरायची.

सुरुवात पिठाच्या गिरणीत.
मुक्तदीरभाईनं पट्टा उतरवून ठेवलेला,
आणि पोत्यांच्या वर, तारेला चिमटे लावून,
कोळशानं काढलेली माणसं
डबे घेऊन रांगेत उभी.
समोरच्या बाया त्यात स्वतःला शोधत होत्या.
"ही काय मी नव्हे," एक म्हणाली,
"माझं नाक एवढं आहे का?"
आणि तिथंच उभी राहिली, बराच वेळ.
गिरणी बंद, तरी पीठ थोडं थोडं उडतच होतं,
कोळशाच्या डोक्यांवर बसत होतं.
कुणीतरी फुंकर मारायला गेलं,
तर चित्र काढणारा पोरगा म्हणाला, राहू द्या.

पाथ्रीकरबाईंच्या दारात
पाय जिन्याशी आपोआप थांबले,
मान आपोआप डावीकडं.
भाची वरून ओरडली, मामा, वर!
सतरा पायऱ्या.
मला कुणी सांगितलं नव्हतं
की वर एवढा उजेड आहे.

बाई शाळेतून निवृत्त, गुडघ्याला पट्टा.
एकच वस्तू रंगवतात:
खिडकीतून दिसणारी शेजारच्या गच्चीवरची
पाण्याची काळी टाकी.
सकाळची टाकी, उन्हानं पांढरी पडलेली टाकी,
माकड बसलेली,
आठ दिवसांनी नळाला पाणी आलं त्या रात्रीची,
ती लगेच ओळखू येते, काठाशी ओली.
भिंत भरली, मग दाराच्या मागं, मग कपाटाला.
मी विचारलं, बाई, कंटाळा नाही येत?
त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
"तुम्ही दर महिन्याला तोच मीटर बघायचात.
आकडा तोच असायचा का?"

म्हणजे ओळखत होत्या.

सातव्या ठिपक्यावर लाईट गेली.
सगळे माझ्याकडं बघायला लागले,
जसं काही मीच बटण दाबलं.
आतली खोली, खिडकी नाही,
नुजहतनं आईच्या जुन्या ओढण्या उसवून
त्यांच्याच दोऱ्यानं कापडावर भरलेलं दार,
उंबऱ्यासकट, कडीसकट.
मोबाईलचे दिवे पेटले,
आणि समोर नुसती चमचम, काचेवर आमचीच तोंडं.
खिशात बॅटरी होती. अजून असते.
मी म्हटलं, समोरून नाही, तिरपी धरायची,
खालून, हात भिंतीला टेकवून.
आयुष्यात हे एक मला येतं.
वीसेक जणांनी दिवे तिरपे केले.
दोरा न् दोरा उठला,
कडीची सावली पडली दारावर.
"हौ," नुजहत हळूच म्हणाली, "ऐसाच है वो."

आठवं बरं होतं.
नववं कळलं नाही.
दहावंही नाही, पण तिथं चहा चांगला होता,
आणि न कळता बघत राहायला
कुणी हरकत घेतली नाही.
वहीत काही लिहायचं नव्हतं.
दोन-तीनदा हात काखेकडं गेला.

अकरावा ठिपका राहिला.
ऊन चढलं, टाचा बोलायला लागल्या.
भाची म्हणाली, पुढच्या महिन्यात बघू.

दर महिन्याला असतं का हे?

असतं की.

मग बरं.
दर महिन्याला येणं
मला जमतं.