जादा खत

पुण्याहून मातीचा कागद आला.
शिक्का तिरका.
स्फुरद : अत्यंत जास्त.
आमच्या घराण्यात कशालाच कधी कुणी
अत्यंत जास्त म्हटलं नव्हतं.

अकरा गाई, दोन कालवडी, पावणेतीन एकर.
"शेण कधी जास्त होतं का गं?" गोदाकाकू म्हणाली.
मी विहिरीच्या पाण्याचा दुसरा कागद पुढं केला.
तिनं तो उलटा धरला, मग सुलटा,
मग जाऊबाईच्या तान्ह्याची बाटली
फिल्टरच्या पाण्यानं विसळली, न बोलता.

डेअरीनं सांगितलं, खताची वही नसेल तर दर नाही.
वही घातली.
ओढ्यापासून दहा मीटर काही टाकायचं नाही :
माझी चौदा पावलं. तिथं नुसतं गवत.
सासरे त्याला सरकारचं गवत म्हणतात
आणि अंधारात कापून आणतात.
युरियाच्या तीन गोण्या सोसायटीत परत.

तरी बेरीज जुळेना.
सात ट्रॉल्या उरत होत्या दर खेपेला,
आणि शेवटचा रकाना कोरा :
जादा खत कुणास दिले.

बांधापलीकडं दामू बाणखेलेचं रान,
पांढरट, भुकेलं. कर्ब नावालाच.
त्याच बांधावरून नऊ वर्षं
आमची तोंडं दोन दिशांना.

रविवारी ट्रॅक्टर त्याच्या वाटेला वळवला.
मंचरचं धुकं अजून उठलं नव्हतं.
ट्रॉलीतून वाफा निघत होत्या.
तो नळी धरून उभा, पाणी पायावर पडतंय.
"भाव काय?"
सही, म्हटलं. इथं, या रकान्यात.

त्यानं ओले हात सदऱ्याला पुसले,
दोनदा.