पाव फेरा

हँडलच्या टोकाचं बूच उपटलं, तर आत
जुनी धूळ आणि एक मेलेली मुंगी.
नळीत लिव्हरचा खुंटा सारला
आणि आवळत बसलो, सवयीने, उजवीकडे.
तो ढिलाच होत गेला.
नई सडकेवरून फोनवर अखलाक हसला,
"उल्टा कसता है, फाळके साहब.
इतने साल मिल में क्या किया?"

उलटा फिरवला. धरला.

केबल हँडलच्या पोटाशी झोपवली,
वर टेप, टोकाकडून आत, तिरपी, अर्ध्यावर अर्धी,
बिर्लानगरच्या दवाखान्यात
कंपाउंडरने माझा हात बांधला होता तशी.
तर्जनी नाही, मधलं अर्धं.
अंगठ्याने दाबायचे ते गिअर
त्यानंतर कधी नीट पडलेच नाहीत.
हा तळहाताच्या कडेनं ढकलायचा,
दार लोटावं तसा.

सकाळी उरवाई दरवाजाचा चढ.
चेन दोन चक्रांच्या मध्ये घुटमळली,
कुरकुर कुरकुर,
सुपारीचं खांड दातात अडकल्यासारखी.
उतरलो. कातळातले उंच तीर्थंकर
माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होते.
मागच्या डिरेलरपाशी केबलची बारीक फिरकी,
अंगठा आणि अनामिकेत धरून
पाव फेरा. पेडल उचलून ऐकलं.
आणखी थोडा. नको, इतका नको.
परत मागे.

गप्प झाली.

किल्ल्यावर पोचलो नाही,
दुसऱ्या वळणावर दमच संपला.
उतरणीला लागलो, आणि गरज नसताना
तळहाताने गिअर खाली,
वर,
पुन्हा खाली.