तिकटीची वही

मी गूळ मोजते. म्हणजे मोजतात हमाल,
मी लिहिते: रवे किती, वजन किती, सौद्यात भाव काय फुटला.
शाहूपुरीतून घरी येताना पदराला, चपलेला
मुंग्यांना पुरेल एवढा गोडवा येतोच.

अशा घरात मी ती मांजरी आणली.

तिकटीवर सापडली, चहाच्या गाड्याखाली,
म्हणून नाव तिकटी.
मागचे पाय टाचांवर टेकवत चालायची,
ओल्या फरशीवरून कुणी भीत भीत जावं तशी,
आणि पाणी प्यायची, नुसती पाणी प्यायची,
घागरीखालचं, मोरीतलं, कुंडीच्या बशीतलं.

डॉक्टर मुजावरांनी कानाच्या टोकाला सुई लावली,
थेंब पट्टीवर घेतला. चारशे बासष्ट.
मी आकडा वहीत घातला
आणि सवयीनं पुढं लिहून गेले: रवे.
अजून खोडलेलं नाही.

त्या म्हणाल्या, मांजराला गोड चव कळतच नाही,
जिभेवर तेवढी जागाच नसते.
मी रात्रभर ह्यावरच अडकले.
जिला गोड म्हणजे काय ठाऊक नाही
तिच्या रक्तात एवढा गूळ कुणी ओतला?

मग सकाळी सात, संध्याकाळी सात.
दोन युनिट. कातडी चिमटीत धरायची,
लसणाची पाकळी सोलताना धरतो तेवढ्याच जोरानं.
फ्रिजच्या दारात, लोणच्याशेजारी, बाटली.
भात बंद. दूध बंद.
आक्काताई बुचडे वाटी घेऊन दारात उभ्या,
"गंगावेशीतनं धारोष्ण आणलंय, म्हशीचं. पाप लागंल तुला."
लागू दे म्हटलं.
कोंबडी नुसती उकडायची, ना मीठ ना चटणी.
कोल्हापुरात असलं काही शिजवताना
खिडकी लावून घ्यावी लागते.

दोन युनिट. दीड. बरेच दिवस एक.
अर्ध्यावर आलो तेव्हा ती खिडकीत चढली, आपली आपण.
एका मंगळवारी रकान्यात शून्य.
बुधवारी शून्य.
महिनाभर मी शून्यंच लिहीत राहिले.
मुजावर म्हणाल्या, बरी झाली म्हणू नका,
रेमिशन म्हणा. साखर गप्प आहे, गेलेली नाही.
सावकारासारखी? मी विचारलं.
सावकार तरी तारीख सांगतो, म्हणाल्या.

ती माझ्याकडे मुक्कामाला होती, एवढंच. पहिल्या दिवशीच ठरलेलं.
वरच्या पत्र्याच्या खोलीत दोन लंगडी पिल्लं वाट बघत होती.

पहिले आले ते उंदरांसाठी.
दुसऱ्या बाईंना पांढरी हवी होती.
तिसरा पोरगा बरा वाटला,
पण जाता जाता म्हणाला, "परत आजारी पडली तर बदलून मिळंल?"

मग कसबा बावड्याहून जिन्नाप्पा मगदूम.
केएमटीत कंडक्टर होते, अजून वरच्या खिशात सुट्टे वाजतात.
"साखर परत वाढली तर?"
मी तयार उत्तर काढलं: फोन करा, मी परत घेईन,
"ते नव्हं. सुई कुठं मारायची ते दाखवा."

उशीवर दाखवलं. उशीला त्यांनी अकरा वेळा टोचलं.
"आमच्यात कोंबडी चालत न्हाई," म्हणाले,
"तिचा डबा मिळतोय न्हवं बाजारात? डोळं मिटून उघडीन."

टोपलीत तिच्या अंगाखाली माझा जुना पदर, बाजूला वही.
ती मागे वळून वगैरे बघत नाही. मांजरी आहे.

रविवारी सात वाजून दहा मिनिटांनी फोन.
"कान धरू देईना."
तिच्याकडं बघू नका, मी म्हटलं, दुसरीकडं बघत चोळा,
कान गरम होऊ दे.
बराच वेळ फोनमध्ये नुसता त्यांचा पंखा.
मग तिकीट फाडताना बोलावं तसे बोलले:
"अठ्ठ्याण्णव."

वही तर त्यांच्याकडे.
समोर गुळाची पट्टी होती, तिच्या पाठीवर लिहिलं,
खाली तारीख घातली,
कागदावर आलेल्या मुंग्या झटकल्या.