फरशा

हेल्मेट घाला. पट्टा हनुवटीखाली.
उंच असाल तर आत्ताच नम्र व्हा,
हा दगड कुणासाठी वर सरकत नाही.
पायऱ्या एकोणचाळीस.
पंचविसावीची कड झिजलीय, तिथे सगळे घसरतात.
मी आधी सांगते,
तरीही घसरतात.

मंगळवार नि शुक्रवार, साडेनऊ ते दीड.
बस, बंदर, भुयार, शेवटी कॉफी
आणि भट्टीतून निघालेली गरम पास्तिझी.
सगळं तिकिटात.
अकरा वर्षं बोलतेय मी हीच वाक्यं.
आता ती माझ्यावाचूनही
बॅटरी हातात धरून पुढे जातील.

भिंतीला हात लावा. लावा, परवानगी आहे.
माल्टाचा दगड हा, ओला असला
की नखानंही ओरखडा उठतो.
हे टिकावाचे घाव, सगळे एका तिरकीत झुकलेले,
आणि एवढाच पट्टा उलट्या तिरकीत:
इथं कुणी डावखुरा खणत होता.
(इथं लोक हसतात.)

हा संतांचा कोनाडा. ही काजळी दिव्याची.
ही बाळंतिणीची खोली, दाराला गोणपाट होतं.
वर बॉम्ब पडला
की आधी ज्योत वाकायची
आणि आवाज मागून यायचा.

आणि ही झामित कुटुंबाची खोली,
सहा फूट बाय पाच,
रीतसर परवाना काढून स्वतः खणलेली.
(माझ्या आईचं माहेर. ते मी सांगत नाही.)
खाली बघा.
फरशा!
लाल चौकट, पांढरी जमीन, निळी वेल.
म्हणजे, मरण डोक्यावर घिरट्या घालत असतानाही
(इथं मी थांबते. थांबणंसुद्धा पाठ आहे)
माणसाला घर लागतं.

गेल्या शुक्रवारी आई आली.
चेन्सा, वय अठ्ठ्याऐंशी.
रांगेत उभी राहिली, खिडकीवर म्हणाली,
सवलत नको, पुरं तिकीट द्या.
ऐंशी वर्षांत ती खाली उतरली नव्हती.
तिची काठी मी धरली.
पंचविसाव्या पायरीवर तिनं न बघता
पाऊल जरासं आत टाकलं
आणि घसरली नाही.

फरशांपाशी मी थांबले, पाठ केल्याप्रमाणे,
आणि त्या मोकळ्या जागेत
आमटीत मीठ कमी आहे म्हणावं
तशा आवाजात ती मला म्हणाली,
आपल्या भाषेत:
"या झेझाच्या आहेत."

कोण झेझा?

"समोरची. लेस विणायची.
तिचं घर बसलं त्या सकाळी
बाबा पहार घेऊन धावले,
मला वाटलं, तिला काढायला.
फरशा अजून गरम होत्या गं.
मी चार आणल्या, फ्रॉकच्या ओच्यात.
पोटाला चटका बसला.
झेझाला दुपारी काढलं."

काय म्हणाल्या आजी?
मागून एका पाहुण्यानं विचारलं.
मी म्हटलं,
त्यांना फरशा आवडल्या.

वर उन्हात आईनं दोन पास्तिझी खाल्ल्या.
पापुद्रे पदरात नाही, रुमालात गोळा केले,
आणि चिमण्यांना टाकले.
भट्टीवाल्याशी उगाच भांडली,
रिकोटात मिरी कमी आहे म्हणून.
घरापर्यंत एक शब्द नाही.
दाराशी किल्ली शोधताना एवढंच:
"थंडी होती गं खाली. ओल पायातनं वर चढायची.
भाऊ रात्रभर खोकायचा."

आज मंगळवार.
बावीस माणसं, एक पोर कडेवर.
डावखुऱ्यापाशी हसली.
झामितांच्या खोलीत मी बॅटरी खाली धरली:
लाल चौकट, पांढरी जमीन, निळी वेल.
खाली बघा, म्हटलं,
म्हणजे, मरण डोक्यावर घिरट्या घालत असतानाही
माणसाला

आणि थांबले.
हे थांबणं पाठ नव्हतं.
छतातून पाणी ठिबकत होतं, कुणाच्या तरी हेल्मेटवर.
पुढच्या रांगेतल्या बाईनं
का कुणास ठाऊक,
फरशीवरचा पाय उचलून
मागे घेतला.

मग मी म्हटलं,
चला. पुढे छत खाली येतं,
डोकी सांभाळा.