पुलावरची सोंगटी

दिवसभर मी लोकांचे सातबारे काढतो,
अंगठा पुसून लावा म्हणतो, पुन्हा लावा,
आणि शनिवारी शटर अर्धं पाडून
त्याच कॉम्प्युटरवर उघडतो
एक मुलूख, ज्याला गट नंबर नाही.

नकाशा मीच आखलेला, चौकटी चौकटींचा.
नदी वैनगंगेवरून उचललेली,
किल्ल्याची भिंत भातगिरणीच्या मागची,
आणि राक्षसाच्या तळ्याची पाळ
आमच्या बोडीसारखीच एका कोपऱ्यात फुटकी.
वरून धुकं पसरायचं एक बटण असतं.
खेळणारे चालतील तेवढंच उजळतं.
पुढचं फक्त मला दिसतं,
म्हणजे मला तसं वाटतं.

बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते.
विंगेत खुर्ची, मांडीवर वही, हातात बॅटरी,
रात्रभर दुसऱ्यांच्या तोंडची वाक्यं पुटपुटत.
वही माझ्याकडेही असते.
पहिल्या दहा मिनिटांत ती निकामी होते.
दोन आठवडे खपून मी राक्षसाची गुहा रचली
तर खिलेश म्हणतो, "काहून मारता गा त्याले?
जेवला का, इचारून त पाहा."
आणि फासा टाकतो. वीसपैकी वीस.
मग त्या राक्षसासाठी मला घाईघाईत
एक आई शोधावी लागते, एक गाव,
एक नावडती भाजी.

खिलेश तिरोड्याला, पॉवर प्लँटात. त्याच्या माइकमध्ये कायम घूं.
लोमेश हिंजवडीत, चौघांच्या खोलीत;
तिघं झोपलेले म्हणून हा योद्धा
"मी गर्जना करतो" असं कुजबुजतो.
प्रणोती भामरागडकडे नर्स. खेळात चोर.
चौघं एका ठिकाणी कधी बसलो नाही.
फासाही पडद्यावरच घरंगळतो, आवाजासकट.
खरा, वीस अंगांचा, मी अजून हातात धरलेला नाही.

श्रावणातल्या एका शनिवारी
प्रणोती दोरांच्या पुलावर होती, ऐन मध्यावर.
पलीकडे पहारेकरी.
"काय करतेस?" मी विचारलं.
"मी हळूच"
आणि तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेला.

लाइन गेली असेल, म्हणालो.
सोमवारी पेपरात वाचलं,
तिकडे नदी पुलावरून चालली आहे.

पुढच्या शनिवारी कोणी काही बोललं नाही.
नियम असा की गैरहजराची सोंगटी उचलायची.
मी माउस तिच्यावर नेला, परत आणला.
लोमेशनं आपला योद्धा पुलावर तिच्याशेजारी नेला.
"मी थांबतो. माझा डाव एवढाच."
खिलेशही गेला, राक्षसाला घेऊन.
मी पहारेकऱ्याला बिडी पेटवायला लावली.
ती एक बिडी
तीन शनिवार पुरली.

चौथ्या शनिवारी ठिपका हिरवा झाला.
आवाज फाटलेला, मागे कुठेतरी जनरेटर.
"एक बाळंतपण नावेत केलं, ते मग सांगते.
मी कुठं होती?"
"पुलावर."
"अजून?"
तिनं नकाशा सरकवला असावा.
बराच वेळ काही नाही.
मला वाटलं, पुन्हा नेट गेलं.

"हं. त मी हळूच त्याच्या मागून जाते."
फासा घरंगळला. चार.
चारात माणूस पडतो. तिथं मी सूट देत नाही.
"दोर तुटला," मी म्हणालो, "पडतेस तू."
"मी धरतो तिले!" लोमेश ओरडला,
खरंच ओरडला,
आणि त्याच्या खोलीतून
झोपेतल्या तीन माणसांचा आवाज आला,
"कोणाले बे?"