आठवा भाग

मे महिन्यात, त्रेचाळीस अंशांत,
आमच्या घरात बर्फ पडायचा.
दर गुरुवारी रात्री नऊला, हिंदीत डब केलेला.

शेजारच्या शेडमध्ये चिलवेरींचे चार माग,
त्यामुळे निवेदकाचं अर्धं वाक्य आमच्यापर्यंत यायचं,
अर्धं खटखटीत जायचं.
झारांचं तीनशे वर्षांचं राज्य
आम्ही बरंचसं दाढ्यांवरून ओळखलं.

नायना सुरुवातीला पाठ करून बसायचे.
गिरणीत होते तेव्हा, लाल बावट्याच्या अभ्यासवर्गात
हा सगळा इतिहास त्यांनी एका वाक्यात ऐकला होता:
झार गेला, कामगार आला.
त्यावर टाळ्या. मग चहा.
तिसऱ्या भागात खुर्ची जराशी फिरली.
पाचव्यात, आजारी पोराला खलाशी उचलून नेतो तिथं,
"ह्याला काय झालंय?" म्हणाले,
आणि उत्तर मागात गेलं.

अम्मा टॉवेलांचे काठ शिवत बघायची.
महाल दिसला की तिला झाडू दिसायचा.
"एवढ्या खिडक्या. पुसतंय कोन गं हे?"
रत्नांची अंडी आली, तिनं मान वर केली नाही.
सातव्या भागात मात्र मशीन थांबलं.
कैदेत बसून पोरी
चोळीच्या अस्तरात हिरे शिवत होत्या.
कॅमेरा बोटांजवळ गेला.
"नटी हाय ती. सुई अशी धरत न्हाईत.
पन शिवल्या असतील.
भ्यालेलं मानूस टाका बारीक घालतंय."
त्या आठवड्यात दोरा जास्त लागला
म्हणून शेठ तिला बोलला.

आठवा भाग. तळघराचा जिना.
झोपेतून उठवलंय, कपडे करा म्हणालेत,
धाकटा बापाच्या हातांवर,
एक पायरी, मग एक पायरी,
आणि बाहेरून येमूलांची सून ओरडली,
"पानी आलंय!"

पाचव्या दिवसाचं पाणी.
पाऊण तास, तेही करंगळीएवढं.
घागरी, पिंप, बादल्या, कुकरसुद्धा.
नायना कंबर विसरून टाकीवर चढले.
आत एकदम खूप आवाज झाला.
मागाचा असेल, असं आम्ही तिघांनी
न बोलता ठरवलं.

ओल्या पायांनी आत आलो
तर पडद्यावर नावं वर सरकत होती.
"झालं?" नायनांनी विचारलं.
चाळीस वर्षं ज्यांना शेवट पाठ होता, त्यांनी.
मी म्हटलं, झालं असेल.
ते खुर्चीच्या कडेला बसून राहिले,
बाही निथळत.

केबलवाला इरफान म्हणाला,
रविवारी सकाळी परत लागतंय.
रविवारी नायनांना अचानक
युनियनच्या कचेरीत काम निघालं,
ती बंद होऊन सहा वर्षं झालीत.
अम्मानं टीव्हीवर कोरा टॉवेल घातला,
चारी कोपरे आत दुमडले,
आणि उरलेल्या डझनाला बसली.